पिढी कशी ओळखावी?

सिनेमा पिढीला स्वभावावरून ओळखतो. ‘श्यामची आई’ (१९५३) मधली आई मायाळू पण कडक, तर ‘सैराट’ (२०१६) मधले आर्ची-परशा बंडखोर. आपल्या जालन्याकडे मात्र रीत निराळी. एखाद्या नव्वदीच्या आजोबांना वय विचारा. ते आकडा सांगायचे नाहीत. “रझाकाराच्या वेळी मी गुरं राखीत होतो,” म्हणतील. म्हणजे १९४८ च्या सुमारास. त्यांच्या लेकाची खूण १९७२ चा दुष्काळ : सुकडी खाल्ली, खडी फोडली. स्वभाव माणसागणिक बदलतो, पण सोसलेलं साऱ्या गावाचं एकच असतं. गुरुजी, मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून हे लिहून आणायला सांगा. रझाकारी पाहिलेले डोळे आता थोडेच उरलेत.