रिमोट कपाटात ठेवा!

दोस्तांनो, अंबरनाथचं शिवमंदिर तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी हे काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल कोरलेलं आहे. शिलाहार राजांच्या काळातलं हे काम! गाभाऱ्यात जायला सभामंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. आणि बाहेरच्या भिंती तर मूर्तींनी नुसत्या गजबजल्या आहेत. प्रदक्षिणा घालायला लागलं की एकामागून एक मूर्ती समोर येत जातात आणि फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिली मूर्ती हजर.

आता समजा, शाळेच्या प्रदर्शनात तुम्हाला या मूर्तींचे फोटो टीव्हीवर दाखवायचे आहेत. पायऱ्या उतरणं ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, त्या आजी-आजोबांनाही ते खुर्चीत बसून बघता येतील. देवळात मूर्ती जागच्या जागी असतात आणि आपण फिरतो. इथे आपण बसायचं आणि मूर्ती फिरणार! संगणकवाले या न संपणाऱ्या फेरीला ‘लूप’ म्हणतात.

“त्यात काय कठीण? पेनड्राइव्ह टीव्हीला लावला, बटण दाबलं, झालं!” असं तुम्ही म्हणाल. एक तासाच्या कार्यक्रमाला तेवढं पुरेसं आहे. पण दुपारी वीज गेली तर? (पहिल्या पावसात वीज कशी जाते, हे अंबरनाथ-बदलापूरकरांना सांगायलाच नको.) वीज परत येते, पण घरातले बरेच टीव्ही झोपलेलेच राहतात, नाहीतर आपला मेनू दाखवत बसतात. बाई वर्गावर, रिमोट ऑफिसात, आणि आजी काळ्या पडद्यासमोर! स्टेशनावर, बँकेत, दवाखान्यात असे कितीतरी पडदे टांगलेले असतात. प्रत्येकापुढे रिमोट घेऊन धावणार कोण?

म्हणून पडद्यामागे एक छोटीशी डबी बसवतात. तिला म्हणतात प्लेअर. वीज आली की तिनं आपणहून जागं व्हायचं, फोटो शोधायचे आणि दाखवायला लागायचं. मधे कुणाचं बोट लागता कामा नये. हीच खरी कसोटी.

असा प्लेअर तुम्हालाही करता येईल. ‘रास्पबेरी पाय’ नावाचा एक संगणक असतो, एटीएम कार्डाएवढा. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजच्या काही मंडळींनी तो बनवला आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आणला. (वाढदिवस चार वर्षांतून एकदा!) आपल्या कामासाठी त्याचा मोठा गुण असा, की वीज मिळाली की तो स्वतःच चालू होतो. घरातल्या मोठ्या संगणकाला मात्र ही सवय सेटिंगमध्ये जाऊन लावावी लागते.

फोटो काढायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. कॅमेऱ्याचा स्टँड लावायचा असेल तर परवानगी लागते, आणि आत गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी तिथल्या लोकांना विचारायचंच.

घरी आल्यावर फोटोंना १, २, ३ अशी नावं द्याल, तर गंमत होईल. बरेच प्लेअर नावं अंकांप्रमाणे नाही, शब्दकोशातल्या शब्दांप्रमाणे लावतात. म्हणजे १ नंतर १०, मग ११, मग १२ आणि त्यानंतर कुठे २! प्रदक्षिणा पार विस्कटली की नाही? उपाय सोपा आहे. ०१, ०२, ०३ अशी नावं द्या.

फोटो दाखवायला ‘व्हीएलसी’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालेल. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली त्या कामाला हात घातला आणि २००१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याला चार गोष्टी बजावायच्या: पडदाभर दाखव, शेवट आला की पहिल्यापासून सुरू कर, प्रत्येक फोटो ८ सेकंद ठेव, आणि फाइलचं नाव दाखवू नकोस. हे शेवटचं बहुतेक सगळेच विसरतात. मग देखण्या मूर्तीच्या अंगावर ‘आयएमजी ०४७’ अशी पाटी झळकते!

जरा हिशेब करू. १२ फोटो, प्रत्येकी ८ सेकंद, म्हणजे एक फेरी ९६ सेकंदांची. प्रदर्शन रोज ८ तास, म्हणजे २८,८०० सेकंद. फेऱ्या किती? ३००! तेव्हा फोटोंबरोबर गाणं लावण्याआधी शेजारी दिवसभर बसणाऱ्या शिपाईकाकांचा विचार करा. आम्ही तर म्हणू, आवाज बंदच ठेवा.

आता मुख्य काम. रास्पबेरी पाय जागा होताना कोणकोणती कामं करायची याची यादी बघतो. त्या यादीत व्हीएलसीचं नाव घालायचं आणि पुढे लिहायचं, ‘बंद पडला तर पुन्हा सुरू कर.’ पण समजा, संगणकच गोठला तर? त्यासाठी आत एक घड्याळ असतं. त्याला म्हणतात वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा. संगणकाने ठरावीक वेळात त्याला थोपटायचं. पंधरा-एक सेकंद थोपटलं नाही, की कुत्रा समजतो काहीतरी बिघडलंय, आणि संगणक मुळापासून पुन्हा सुरू करतो.

या कुत्र्याने मंगळावरही चोख राखण केली आहे. ‘पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक अडखळायला लागला. एक महत्त्वाचं काम दुसऱ्या किरकोळ कामापायी अडकून पडत होतं. तिथे रिमोट घेऊन कोण जाणार? वॉचडॉगने दर वेळी संगणक पुन्हा सुरू केला. तेवढ्यात इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर चूक शोधली आणि इथूनच दुरुस्ती पाठवली.

एक दुखणं मात्र या कुत्र्यालाही कळत नाही. संगणक ठीक असतो, पण पडद्यावरचं चित्र तेवढं अडकतं. आमच्या मते काळ्या पडद्यापेक्षा असा अडकलेला पडदा जास्त वाईट. काळा पडदा बघून माणूस निदान कुणाला तरी विचारतो. स्टेशनच्या इंडिकेटरवर गेलेलीच गाडी दिसत राहिली तर लोक त्यावर विश्वास ठेवतात, भलत्या फलाटाकडे पळतात. म्हणून काहीजण रोज रात्री प्लेअर एकदा बंद होऊन चालू होईल अशी सोय करतात. त्यासाठी वेळ बरोबर हवी, आणि रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत त्याच्यात बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं! तो इंटरनेटला वेळ विचारतो. इंटरनेट नसेल तर बॅटरीवर चालणारं छोटं घड्याळ वेगळं जोडावं लागतं.

पालकांनो, एक काम तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या. मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. म्हणून सगळं जमल्यावर कार्ड ‘फक्त वाचा’ अशा स्थितीत ठेवायचं. टीव्हीच्या सेटिंगमध्येही वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय आहे का, ते बघा. असली तर ती निवडा.

हे सगळं झालं की परीक्षा घ्या. रिमोट कपाटात ठेवा, माऊस आणि कीबोर्ड काढून टाका. भिंतीवरचं बटण बंद करा, दहा आकडे मोजा आणि चालू करा. आता हात मागे बांधून उभे राहा! साधारण मिनिटभरात ०१ नंबरची मूर्ती दिसली पाहिजे. एकदा जमलं म्हणून थांबू नका, पाच वेळा करून बघा. आणि सहाव्या वेळी बटण दाबायला शिपाईकाकांना बोलवा. वीज येईल तेव्हा पडद्याजवळ तेच असणार आहेत.