पाय परत येईपर्यंत

मिरजेतल्या एका सर्जिकल हॉस्पिटलचं थिएटर. टेबलाच्या कडेला पाय सोडून, उशी पोटाशी कवटाळून मी बसलोय. हर्नियाचं ऑपरेशन आहे. आजच सोडलं, तर रात्री सांगलीत बहिणीकडे मुक्काम, मग सातारा. "काका, हनुवटी छातीला लावा. कुबड काढा. आणि हलू नका," भूलतज्ज्ञ मॅडम पाठीमागून सांगतात.

स्पिरिटचा गार बोळा पाठीवरून फिरतो. मॅडमची बोटं कमरेची दोन्ही हाडं चाचपत मधोमध येऊन थांबतात. मज्जारज्जू याच्या वरच संपलेला असतो. खाली उरतात त्या पाण्यात तरंगणाऱ्या नसा, म्हणून सुई इथेच. आधी कातडी बधिर करायचं इंजेक्शन. तेवढंच काय ते चुरचुरतं. नंतरची सुई २७ नंबरची, जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड. ती दुखत नाही, नुसतं आत काहीतरी रेटल्यासारखं वाटतं. सुईच्या मागच्या टोकाशी नितळ थेंब दिसला, की जागा सापडली. "आलं," मॅडम म्हणतात आणि अडीच मिली हेवी ब्युपिव्हॅकेन हे भुलीचं औषध सावकाश सोडतात. त्यात साखर असल्यानं ते पाठीतल्या पाण्यापेक्षा जड. रुग्णाला निजवू तसं उताराला लागतं.

मला लगेच उताणं निजवतात. तळपायांत ऊब चढते, मग मुंग्या, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेनासं होतं. मॅडम बोळा आधी खांद्याला लावतात, मग बेंबीजवळ. "गार लागतंय?" खांद्याला लागतंय, पोटाला नाही. "घ्या सर," मॅडम सर्जनला सांगतात. दंडावरचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळतो, या भुलीत रक्तदाब उतरतो, त्यावर नजर. पडद्यापलीकडे काम सुरू होतं. ओढल्याचं कळतं, दुखल्याचं नाही.

याच मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढलं, तेव्हा ही मणक्यातली भूल जन्मलीही नव्हती. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी ती कोकेन वापरून दिली, स्वतःलाही टोचून घेतली आणि नंतर कित्येक दिवस डोकेदुखी सोसली. जाड सुईच्या भोकातून पाणी झिरपतं, त्याचा तो प्रताप. आताच्या बारीक सुयांनी तो पुष्कळ कमी केलाय.

दुपारी रिकव्हरीत शेजारच्या खाटेवर तासगावचे एक मामा. मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय. अंगठा हलला तशी त्यांची घाई सुरू. "सिस्टर, पाय आलं बघा माझं. सोडा आता, साडेपाचची यष्टी हाय."

"लघवी झाली का मामा?"

"ती घरी जाऊन हुईल की!"

सिस्टर हसते, पण सोडत नाही. भूल उतरताना पाय आधी येतात, लघवीचा ताबा शेवटी. मूत्राशय बधिर असलं, तर तुंबलेलं कळतही नाही.

सोबतच्या मामींना वेगळीच काळजी. "मणक्यात सुई टोचली, आता जल्माची कंबरदुखी लागली म्हणा."

"टोचलेली जागा चार दिवस दुखेल मामी. जल्माचं काही नाही," मॅडम सांगतात. "डोकं मात्र बघा. बसल्यावर ठणकलं आणि आडवं झाल्यावर थांबलं, तर लगेच फोन करा."

घरी सोडायचं ते घड्याळ बघून नव्हे. पाय खंबीर, रक्तदाब जागेवर, लघवी मोकळी आणि सोबत घरचं माणूस, एवढं जमल्याशिवाय आपणही डॉक्टरांच्या मागं लागू नये. आणि त्या दिवशी गाडीच्या किल्लीला हात लावू नये.