स्थलनामांची सामान्यरूपे आणि स्टॅटिक मेथडच्या वारशाची मर्यादा

मराठी भाषक ‘जुहूला’, ‘दादरला’, ‘अंधेरीला’ असे म्हणतो. परंतु ‘वर्सोवाला’ असे न म्हणता ‘वर्सोव्याला’ म्हणतो, आणि त्याचप्रमाणे ‘कुर्ल्याला’, ‘ठाण्याला’ असेही म्हणतो. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाला जे रूप येते त्यास सामान्यरूप म्हणतात. पहिल्या तीन नावांत ते मूळ रूपाहून वेगळे दिसत नाही. आकारान्त पुल्लिंगी व एकारान्त नपुंसकलिंगी नावांत ते सामान्यतः ‘या’कारान्त होते. वक्त्यास हे उपजत साधते. संगणकाला मात्र ते सांगावे लागते, आणि त्या सांगण्यातच एक सूक्ष्म दोष शिरू शकतो.

वर्ग आणि उपवर्ग ही कल्पना १९६०च्या दशकात नॉर्वेमध्ये डाल व न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला’ या भाषेत रूढ केली. १९९५ साली प्रसृत झालेल्या जावा भाषेतही तीच मूलभूत आहे. समजा, जावात ‘स्थलनाम’ नावाचा एक वर्ग रचला. त्यातील ‘सामान्यरूप’ ही मेथड नाव जसेच्या तसे परत देते. ‘चतुर्थी’ ही मेथड पहिलीकडून सामान्यरूप मागून घेते व त्यास ‘ला’ जोडते. पुढे ‘आकारान्त स्थलनाम’ हा उपवर्ग करून त्यात केवळ ‘सामान्यरूप’ नव्याने लिहिले. वारशाने आलेली ‘चतुर्थी’ आता ‘वर्सोव्याला’ असे योग्य उत्तर देते. कारण कोणते ‘सामान्यरूप’ चालवावयाचे हे कार्यक्रम चालू असताना, समोरील ऑब्जेक्टचा वर्ग पाहून ठरते.

आता ‘सामान्यरूप’ स्टॅटिक केले तर काय होते? स्टॅटिक मेथड ऑब्जेक्टची नसून वर्गाची असते. तिला होणारी हाक कोणत्या वर्गाकडे जावी हे कंपायलर आधीच, मजकुरात दिसणाऱ्या वर्गावरून निश्चित करतो. उपवर्गातील त्याच नावाची स्टॅटिक मेथड मूळ मेथडची जागा घेत नाही, तिला केवळ झाकते. परिणामी मूळ वर्गातील ‘चतुर्थी’ मूळ वर्गाच्याच ‘सामान्यरूपा’ला हाक मारते, आणि उत्तर येते ‘वर्सोवाला’. कंपायलर तक्रार करीत नाही, कार्यक्रमही थांबत नाही. परीक्षेसाठी जुहू, दादर, अंधेरी हीच नावे घेतली असतील तर सर्व उत्तरे बरोबर येतात. चूक उघडकीस येते ती छापलेल्या फलकावर.

संस्कृत व्याकरणात सामान्य नियमास उत्सर्ग व विशेष नियमास अपवाद म्हणतात, आणि अपवाद उत्सर्गाला बाधतो. येथे अपवाद लिहिलेला असतो, पण त्याला विचारलेच जात नाही. दोष नियमात नसून नियमाकडे जाण्याच्या वाटेत आहे.

ही मर्यादा वारसा या कल्पनेत अटळ नाही. स्मॉलटॉक-८० मध्ये वर्ग हाच एक ऑब्जेक्ट असतो; म्हणून वर्गाच्या मेथडही उपवर्गात खऱ्या अर्थाने बदलता येतात. पायथनमध्ये क्लास-मेथडला हाक मारणारा वर्ग पहिला आर्ग्युमेंट म्हणून मिळतो. पीएचपीमध्ये ‘सेल्फ’ हा शब्द लिहिलेल्या वर्गालाच चिकटून राहतो. म्हणून २००९ साली ५.३ या आवृत्तीत ‘स्टॅटिक’ या शब्दाने हाक मारणाऱ्या वर्गापर्यंत पोचण्याची सोय करण्यात आली. जावाने मात्र मूळ भूमिका सोडली नाही. २०१४च्या आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्ये स्टॅटिक मेथड आल्या, पण त्या वारशाने खाली उतरत नाहीत.

यावरून निष्पन्न होणारा विवेक साधा आहे. मेथड ऑब्जेक्टच्या स्थितीवर अवलंबून नाही, एवढ्यावरून ती स्टॅटिक करणे योग्य ठरत नाही. एखादा उपवर्ग त्याच प्रश्नाचे निराळे उत्तर देऊ शकेल काय, हे प्रथम पाहावे. दोन संख्यांतील मोठी कोणती, याचे उत्तर कोणताही उपवर्ग बदलणार नाही; तेथे स्टॅटिक मेथड निर्धोक होय. सामान्यरूपाचे उत्तर नामाच्या वर्गागणिक बदलते. तेथे ती वर्ज्य होय. शिवाय उपवर्गातील मेथडवर ‘ओव्हरराइड’ ही खूण केल्यास, मेथड स्टॅटिक असताच जावाचा कंपायलर ती नाकारतो. आणि परीक्षेसाठी नावे निवडताना जुहूबरोबर वर्सोवाही घ्यावा. कारण जे नाव बदलतच नाही, ते नियमाची परीक्षा घेऊ शकत नाही.