ट्रॉयचे युद्ध : काव्यात आणि पडद्यावर

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी असताना मी वोल्फगांग पीटरसन यांचा ‘ट्रॉय’ (२००४) हा चित्रपट मोबाइलवर पाहिला. शेजारी आजी वाती वळीत बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून मी मधूनमधून कथा सांगत होतो. ॲकिलीसने हेक्टरला मारले आणि त्याचे प्रेत रथाला बांधून फरफटत नेले, तेव्हा आजीचा हात थांबला. तिने विचारले, “आन् त्याच्या आईचं काय झालं रं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या चित्रपटात हेक्टरला वडील आहेत, भाऊ आहे, बायको आहे, तान्हे मूल आहे; आई मात्र नाही. माझे थोरले चुलते फौजेत होते. त्यांचे पत्र येईपर्यंतचे दिवस आजीने कसे काढले, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे तिचा प्रश्न मला टाळता येईना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयातून ‘इलियड’चे इंग्रजी भाषांतर घेतले आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्या वाचनातून काव्य आणि चित्रपट यांतील जे अंतर ध्यानात आले, ते येथे मांडीत आहे.

‘इलियड’ हे होमरच्या नावावर असलेले महाकाव्य इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. त्यात २४ सर्ग आणि १५ हजारांहून अधिक ओळी आहेत. पुष्कळांची अशी समजूत असते (माझीही होती) की, त्यात दहा वर्षांचे संपूर्ण युद्ध आणि तो प्रसिद्ध लाकडी घोडा असणार. प्रत्यक्षात काव्य युद्धाच्या दहाव्या वर्षातील काही आठवड्यांपुरतेच आहे. सेनापती ॲगमेम्नॉन ॲकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसीइस ही बंदिनी हिरावून घेतो, येथून कथा सुरू होते. हेक्टरच्या अंत्यविधीपाशी ती संपते. घोड्याची हकीकत ‘ओडिसी’त आणि पुढे व्हर्जिल या रोमन कवीच्या ‘इनिड’मध्ये येते. ट्रॉय पडण्यापूर्वीच होमर थांबतो.

चित्रपटाला असे थांबणे मानवत नाही. मूकपटांच्या काळातच, १९११ साली, इटलीत ‘ट्रॉयचे पतन’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट निघाला. १९५६ साली रॉबर्ट वाइज यांनी ‘हेलन ऑफ ट्रॉय’ काढला. पॅरिस आणि हेलन यांच्या प्रेमकथेवर त्याचा भर होता. प्रचंड तटबंदी, हजारोंचा जमाव, घोडा आणि जळणारे नगर हे सारे पडद्यावर शोभून दिसते. प्रेक्षकही त्यासाठीच तिकीट काढतो. त्याबद्दल दिग्दर्शकाला दोष देण्याचे कारण नाही. माध्यम बदलले की कथा बदलणारच. प्रश्न एवढाच, की बदलताना काय गळून पडते?

‘ट्रॉय’चेच उदाहरण घेऊ. त्यातील पहिला मोठा बदल देवांचा. होमरच्या काव्यात देव सतत युद्धात हात घालतात. पॅरिस आणि मेनेलेअस यांच्या द्वंद्वात पॅरिस हरू लागतो, तेव्हा ॲफ्रोडाइटी देवी त्याला धुक्यात लपवून उचलून नेते. पीटरसन यांनी अशा दैवी चमत्कारांना फाटा दिला. मग पॅरिसला वाचवायचे कोणी? चित्रपटात तो सरपटत हेक्टरच्या पायांशी येतो आणि हेक्टर मेनेलेअसला ठार करतो. मूळ कथेतला मेनेलेअस मात्र युद्धानंतर हेलनला घेऊन घरी परततो. एक देवी काढली की तिचे काम माणसाकडे सोपवावे लागते, आणि त्या धक्क्याने पुढची कथा हलते. रूपांतर कसे घडते, हे समजण्यास एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

दुसरा बदल काळाचा. दहा वर्षांचा वेढा चित्रपटात थोड्या दिवसांवर येतो. त्यामुळे कथेला वेग येतो. परंतु घरापासून दहा वर्षे दूर राहिलेल्या माणसांचा थकवा नाहीसा होतो.

तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आजीच्या प्रश्नाशी संबंधित आहे. हेक्टरच्या आईचे नाव हेक्युबा. ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात ती तटावर उभी राहून, ‘मी तुला पाजले आहे, आत ये’ अशा अर्थाची विनवणी मुलाला करते. तो ऐकत नाही, आणि तिच्या डोळ्यांदेखत मारला जातो. त्या वेळी त्याची पत्नी अँड्रोमाकी घरात मागावर विणीत बसलेली असते. नवरा लढाईहून येईल म्हणून तिने त्याच्या स्नानाचे पाणी तापत ठेवायला सांगितलेले असते. तटावरचा आक्रोश कानी येतो आणि तिच्या हातातील धोटा खाली पडतो. चित्रपटातील द्वंद्व उत्तम चित्रित केले आहे. पण ते तापत ठेवलेले पाणी त्यात नाही.

पुढे चित्रपट अँड्रोमाकीला आणि तिच्या बाळाला गुप्त वाटेने सुखरूप बाहेर काढतो. ग्रीक परंपरेत ते बाळ तटावरून खाली फेकले जाते आणि आई दासी होते. चित्रपटात ॲगमेम्नॉनला ब्रिसीइस मारते. परंपरेप्रमाणे तो विजयी होऊन घरी जातो आणि पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा त्याचा वध करते. कारण युद्धाला निघताना त्याने मुलीचा बळी दिलेला असतो. ब्रिसीइसच्या त्या एका वारात मुलीचा बळी आणि आईचा राग, दोन्ही पुसले जातात.

पडद्यावर आईला जागाच नाही, असे मात्र नाही. मायकेल काकोयानिस या दिग्दर्शकाने युरिपिडीसच्या नाटकांवरून ‘इलेक्ट्रा’ (१९६२), ‘द ट्रोजन विमेन’ (१९७१) आणि ‘इफिजेनिया’ (१९७७) असे तीन चित्रपट काढले. ‘द ट्रोजन विमेन’ युद्ध संपल्यावर सुरू होतो. पुरुष मेले आहेत, नगर धुमसते आहे, आणि कोणत्या स्त्रीने कोणाची दासी व्हायचे हे ठरत आहे. हेक्युबाची भूमिका कॅथरीन हेपबर्न यांनी केली आहे. मूळ नाटक इ. स. पूर्व ४१५ मध्ये अथेन्समध्ये झाले. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट जिंकून तेथील पुरुषांना ठार केले होते आणि बायकामुलांना गुलाम केले होते. म्हणजे कवीने जेत्यांनाच त्यांच्या विजयाची दुसरी बाजू दाखविली. चित्रपट निघाला तेव्हा ग्रीसमध्ये लष्करी राजवट (१९६७–७४) होती. स्वदेशाबाहेर राहून काकोयानिस यांनी तो स्पेनमध्ये चित्रित केला.

‘इफिजेनिया’त युद्धाचा आरंभ आहे. वारा पडल्यामुळे जहाजे खोळंबली आहेत. वारा सुटावा म्हणून ॲगमेम्नॉन लग्नाचे निमित्त सांगून मुलीला बोलावतो आणि बळी द्यायला तयार होतो. क्लायटेम्नेस्ट्रा झालेल्या आयरीन पापास यांचा चेहरा विसरता येत नाही. या चित्रपटांत मोठ्या लढाया नाहीत, तरी युद्ध कळते.

‘ट्रॉय’वर मात्र अन्याय नको. वृद्ध राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्यांचे चुंबन घेऊन प्रेत मागतो, हा ‘इलियड’मधील सर्वोच्च प्रसंग पीटरसन यांनी राखला आहे. पीटर ओटूल यांचा अभिनय पाहताना आजीनेही डोळ्यांना पदर लावला होता. फरक असा की, चित्रपट त्यानंतर घोड्याकडे धावतो, तर होमर प्रेताबरोबर घरी येतो. तेथे अँड्रोमाकी, हेक्युबा आणि हेलन या तिघी क्रमाने विलाप करतात. काव्याच्या अखेरीस ऐकू येतात ते त्यांचे आवाज. आपल्या व्यासांनीही एवढ्या मोठ्या युद्धानंतर स्त्रीपर्व लिहिलेच.

युद्धाची कथा कोठे थांबवायची, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. नगर पडले तेथे थांबलो, तर कोण जिंकले एवढेच लक्षात राहते. प्रेत घरी आले तेथे थांबलो, तर किंमत कोणी मोजली हे कळते. ‘ट्रॉय’ जरूर पाहावा. पण पाहून झाल्यावर ‘इलियड’चा निदान चोविसावा सर्ग वाचावा, अशी माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना विनंती आहे.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आजीला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. आई तटावर होती, तिने हाक मारली होती, हे सांगितले. प्रायमने ॲकिलीसकडून अकरा दिवसांची मुदत मागून घेतली, नऊ दिवस सारे नगर रडले आणि दहाव्या दिवशी हेक्टरला अग्नी दिला, हेही सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजी आपल्यावानीच हाईत की ती मान्सं.”