आकडा उतरला म्हणजे संरक्षण संपले का?

२०२१ च्या अखेरची गोष्ट. नऊ महिने पूर्ण झालेल्या नातवाला गोवर-रुबेलाची लस देण्यासाठी एक आजोबा मुलगा-सुनेसह माझ्या दवाखान्यात आले होते. खिशातून प्रयोगशाळेचा अहवाल काढून ते म्हणाले, “डॉक्टर, सहा महिन्यांत माझ्या अँटिबॉडीजचा आकडा निम्म्याहून खाली आला. सत्तूरला तर दोन-दोन डोस घेतलेली मुले पॉझिटिव्ह निघाली. मग या बाळाला टोचून तरी काय उपयोग?” सून काही बोलली नाही, पण तिच्याही डोळ्यांत तोच प्रश्न होता.

आजोबांची शंका निराधार नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या धारवाडच्या एस. डी. एम. वैद्यकीय महाविद्यालयात नवागतांच्या स्वागतसमारंभानंतर कोविडचा उद्रेक झाला. २५ तारखेला ६६ असलेली बाधितांची संख्या २७ तारखेपर्यंत २८१ वर गेली. बहुतेकांच्या लसीच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या. मात्र याच बातमीचा दुसरा भाग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही: बहुतेकांना सौम्य लक्षणे होती, अथवा लक्षणेच नव्हती.

लस घेतल्यावर काही आठवड्यांत रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, उच्चांक गाठतात आणि नंतर उतरू लागतात. आयजीजी प्रतिपिंडांचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असते; त्यामुळे ही घट हा शरीराचा स्वाभाविक क्रम होय. मागे राहतात त्या अस्थिमज्जेत वस्ती करून थोडी थोडी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी, तसेच स्मृतिपेशी आणि टी-पेशी. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या अहवालात या राखीव फौजेची मोजदाद नसते.

ही फौज जागी होऊन कामाला लागण्यास काही दिवस जावे लागतात. येथे अधिशयन काळ, म्हणजे विषाणूच्या प्रवेशापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, निर्णायक ठरतो. फ्लू एक ते चार दिवसांत प्रकटतो. कोविडलाही फार वेळ लागत नाही. नाका-घशात पुरेशी प्रतिपिंडे नसतील, तर स्मृती जागी होण्यापूर्वीच संसर्ग होऊन जातो. परंतु विषाणू फुप्फुसांत खोलवर पोहोचून गंभीर आजार होण्याआधी ती बहुधा मदतीला धावते. शिवाय हे दोन्ही विषाणू रूप पालटत राहतात. म्हणूनच फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि म्हणूनच १० जानेवारी २०२२ पासून भारतात आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी व सहव्याधी असलेले ज्येष्ठ यांना खबरदारीची मात्रा देण्यास सुरुवात झाली.

गोवरही श्वासावाटेच पसरतो. पण त्याचा अधिशयन काळ दहा ते चौदा दिवसांचा. तेवढ्या अवधीत स्मृती सहज सज्ज होते, आणि गोवराचा विषाणू फारसा रूप बदलत नाही. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांना तेथे आढळले, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, ते वृद्ध या वेळी सुरक्षित राहिले. मधल्या ६५ वर्षांत बेटांवर गोवर नव्हता, तरीही स्मृती टिकली! ती प्रतिकारशक्ती आजाराने दिलेली होती. लस तशीच दीर्घकाळ टिकणारी स्मृती आजाराची जोखीम न पत्करता देते. गोवराची दुसरी मात्रा असते, ती मुख्यतः पहिल्या मात्रेला प्रतिसाद न दिलेल्या बालकांसाठी. पहिलीचा प्रभाव ओसरला म्हणून नव्हे.

हे सारे आजोबांना सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाळाला मांडीवर घेतले. बाळ रडले, आईने त्याला उराशी धरले, काम झाले.

पुढच्याच वर्षी, २०२२ च्या अखेरीस, मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, बालके दगावली. बाधितांत लस न मिळालेली मुले मोठ्या संख्येने होती. त्या बातम्या वाचताना मला ते आजोबा आठवले. एका लसीवरील अविश्वास दुसऱ्या लसीवर किती सहज उतरू शकतो!

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. लस देताना ती काय करील, याबरोबरच काय करणार नाही, हेही सांगावे. सर्दी-तापाची शक्यता आधीच सांगितली, तर ती आल्यावर विश्वास ढळत नाही. आणि निरोगी माणसाने केवळ उत्सुकतेपोटी अँटिबॉडीजचा आकडा काढू नये. त्या कागदावरून संरक्षण संपल्याचा निष्कर्ष निघत नाही.