छोट्या खाणावळीची पैशाची घडी

स्मरणिकेसाठी धंद्याविषयी काही उपयोगी लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आम्ही खाणावळीचा विषय मुद्दाम निवडला. कमी भांडवलात सुरू होणारा आणि घरच्या भगिनींच्या हाताला आधीच येत असलेला असा हा व्यवसाय आहे. पोळीभाजी केंद्र, नाश्त्याची गाडी, विद्यार्थ्यांची मेस, आठ टेबलांचे हॉटेल ही सगळी त्याचीच रूपे. दुपारी बसायला जागा मिळत नाही, चवीला नावे ठेवायला वाव नाही, अशा खाणावळीही दोन वर्षांत कुलूप लागलेल्या आपण पाहतो. तेथे बहुधा पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे चालविणाऱ्यांनाच कळत नसते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. खतावणी आणि तेरीज हे शब्द नोकरीत आल्यावर शिकलो. तेव्हा वाणिज्य शाखेचे शिक्षण नाही म्हणून कोणी हा लेख बाजूला ठेवू नये.

या व्यवसायातील पैशाचा पेच नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बाया गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालीत आणि कामगार पगार झाला की पैसे देत. पीठ, तेल, रॉकेल मात्र रोज लागे. महिनाभराचे हे अंतर त्या वाण्याच्या उधारीने नाहीतर सावकाराच्या व्याजाने भरून काढीत, आणि कष्टाची कमाई त्या व्याजातच जाई. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. त्या बायांना स्वयंपाक शिकवावा लागला नाही. आज पैसे घालायचे आणि ते महिन्याने परत यायचे, या मधल्या दिवसांची सोय करावी लागली. यालाच आम्ही बँकवाले खेळते भांडवल म्हणतो. नवीन खाणावळ काढणारा भांडी, टेबले, फ्रीज आणि पाटी यांचा खर्च बरोबर काढतो. पहिल्या दोन महिन्यांच्या किराण्याचा खर्च मात्र त्याच्या कागदावर नसतो.

पैशाची व्यवस्था बसविणे हे एक स्वतंत्र काम आहे असे समजून त्याची आखणी करावी. पहिल्याच दिवशी चार जाड वह्या आणून रेघा मारू नयेत. त्या वह्या पंधरा दिवसांत कोऱ्याच राहतात. पहिला महिना एकच साधी वही ठेवावी आणि पैसा जसा हलेल तसा लिहावा. भाजीवाल्याला किती, दुधाला किती, कामवाल्या बाईंनी किती उचल घेतली, घरच्या औषधाला गल्ल्यातून किती गेले, सर्व काही. महिनाअखेर ती वही वाचली की या खाणावळीचा पैसा कोणत्या वाटांनी जातो ते दिसते, आणि मग त्या वाटांपुरतीच खाती पाडावीत. बहुतेकांना रोजकीर्द, उधारीची वही, किराणा साठ्याची वही आणि कुपनांची वही एवढ्यात भागते. संगणक किंवा मोबाईलवरील हिशेबाची सोय नंतर घ्यावी. कागदावर न बसलेला हिशेब यंत्रावरही बसत नाही.

दुसरी गोष्ट खात्याची. धंद्याचे खाते घरच्या खात्यापासून वेगळे हवे. २०१६ पासून युपीआय आले आणि भाजीच्या गाडीवरसुद्धा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटला, ही मोठी सोय झाली. पण तो कागद पुष्कळदा थोरल्या मुलाच्या बचत खात्याचा असतो. पैसे त्याच्या मोबाईलवर येतात, त्यातून त्याचे रिचार्ज होते, मित्राला उसने जातात, आणि आईला वाटते की आज गिऱ्हाईकच कमी होते. पुढे कर्ज मागायला गेल्यावर आईच्या नावाच्या खात्यात उलाढाल दिसत नाही. ठिपक्यांचा कागद धंद्याच्या खात्याचाच असावा, याबाबत घरात संकोच करू नये.

रोजचा मेळ

संध्याकाळचा मेळ हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा होय. त्याची सुरुवात पैशांनी करू नये, ताटांनी करावी. किती ताटे वाढली हा आकडा आधी हवा. त्यासाठी टोकन द्यावे किंवा वाढणाऱ्याने रेघ मारावी. समजा ताटाचा दर ८० रुपये आहे आणि दिवसात ६० ताटे गेली. म्हणजे विक्री ४,८०० रुपये. आता हे पैसे शोधावेत. रोख २६ ताटांचे २,०८० रुपये, युपीआयने २० ताटांचे १,६०० रुपये, कुपनावर १२ ताटे म्हणजे ९६० रुपये, उधारीवर २ ताटे म्हणजे १६० रुपये. बेरीज ४,८००, मेळ बसला.

गल्ला निराळा मोजावा. सकाळी सुट्टे म्हणून ५०० ठेवले, रोख २,०८० आले, त्यातून भाजीला ६४० दिले, तर रात्री १,९४० असायला हवेत. मोजल्यावर १,९०० भरले तर वहीत 'कमी ४०' असेच लिहावे. खिशातले ४० टाकून बरोबर करू नये. एखाद्या दिवशीच्या चाळीस रुपयांनी काही बिघडत नाही. पण दर शुक्रवारी चाळीस कमी येत असतील तर ते वहीतच दिसेल, आणि खिशातून भरलेत तर कधीच दिसणार नाही. शक्य असेल तर गल्ल्यावर बसणारा आणि वही लिहिणारा वेगवेगळे असावेत. घरच्या माणसावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. बँकेतही रोखपाल आणि तपासणारा एक नसतो, आणि त्यामुळे कोणाचा अपमान होत नाही.

कुपनांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये फसगत होते ती येथेच. तीस कुपनांचे पुस्तक २,४०० रुपयांना, आणि एक तारखेला पंधरा मुलांनी ते घेतले, म्हणजे ३६,००० रुपये एकदम हातात आले. ही कमाई नव्हे. हे ४५० जेवणांचे देणे आहे. त्यातून मिक्सर आणला, लग्नाचा आहेर केला, की वीस तारखेला तांदूळ आणायला पैसे उरत नाहीत आणि मुले मात्र कुपन हातात घेऊन रांगेत उभी असतात. म्हणून ही रक्कम वहीत 'कुपन आगाऊ' या खात्यावर जमा धरावी आणि रोज जेवढी कुपने परत येतील तेवढीच विक्रीत घ्यावी. परीक्षेच्या व दिवाळीच्या सुट्टीत उरलेल्या कुपनांचे काय करायचे, तो नियम पुस्तकाच्या पाठीवर आधीच छापावा. गिरणगावच्या बायांचे पैसे उशिरा येत, येथे ते आधी येतात. दोन्हीकडे पैशाची तारीख आणि जेवणाची तारीख एक नाही, हे विसरल्याने घोटाळा होतो.

ताटाचा खरा हिशेब

आता नफा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत; ज्याने त्याने आपले घालावेत. ८० रुपयांच्या ताटाला धान्य, भाजी, तेल, मसाला मिळून ३८, गॅस ५ आणि कागद-साबण वगैरे २, असा ४५ रुपये खर्च येतो. मागे ३५ उरतात. महिन्याला २६ दिवस, रोज ६० ताटे, म्हणजे १,५६० ताटे आणि ५४,६०० रुपये. ताटे कमी होवोत की जास्त, काही खर्च थांबत नाही. जागेचे भाडे १२,०००, दोन मदतनिसांचा पगार २०,०००, वीज-पाणी ३,५००, कर्जाचा हप्ता ४,५००, भांडी-फ्रीज पुन्हा घेण्यासाठी बाजूला २,०००. हे झाले ४२,०००. उरले १२,६००, आणि घरात सर्वांना वाटते की धंदा नफ्यात आहे.

पण पहाटे पाचला उठून रात्री दहापर्यंत उभी राहणारी ती बाई कोठे आहे या हिशेबात? तीच दुसरीकडे स्वयंपाकाला गेली तर समजा १५,००० मिळतील. तिचा पगार धरला की खर्च ५७,००० होतो आणि खाणावळ महिन्याला २,४०० रुपये तोट्यात आहे असे दिसते. तो तोटा ती आपल्या अंगमेहनतीने भरून काढीत असते, आणि वहीत तिचे नाव कोठेही नसते. आमच्या मते मालकिणीचा पगार हा वहीतला पहिला खर्च असावा, शेवटी उरले तर घ्यायची गोष्ट नव्हे. (हिशेबतपासनीस म्हणतील की हप्त्यातील मुद्दल हा खर्च नाही, फक्त व्याज खर्च आहे. ते खरे आहे. तथापि हप्ता हातातल्या पैशातूनच जातो, म्हणून रोजच्या आखणीसाठी आम्ही तो पूर्ण धरला.)

५७,००० ला ३५ ने भागले की १,६२९ ताटे येतात, म्हणजे रोज ६३. तीन ताटे वाढली तरी तोटा थांबतो. किंवा ताटामागे दोन रुपयांची नासाडी थांबली, तरी ३७ गुणिले १,५६० म्हणजे ५७,७२० होतात. दर पाच रुपयांनी वाढविला आणि त्यामुळे रोज पाच गिऱ्हाईके तुटली, तरी ५५ ताटांवर महिन्याला ५७,२०० येतात आणि धंदा तरतो. हे गणित न करता नुसत्या भीतीने वर्षानुवर्षे दर न वाढविणारे पुष्कळ आहेत. गॅसच्या खर्चात बचत म्हणून घरगुती १४.२ किलोची टाकी वापरू नये. धंद्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकीच घ्यावी लागते. दुसरीचा वापर कायद्यात बसत नाही आणि तिच्यावर काढलेला ताटाचा हिशेबही खोटा ठरतो.

कर्ज आणि कर

आमच्या टेबलावर येणारे प्रकल्प अहवाल बहुधा बाहेर कोणीतरी टंकून दिलेले असतात. त्यात रोजची दोनशे ताटे लिहिलेली असतात, आणि "बसायला जागा किती?" असे विचारले की अर्जदार गप्प होतो. त्यापेक्षा तीन महिन्यांची हाताने लिहिलेली रोजकीर्द पुढे ठेवली तर आमच्यासारख्याचे काम सोपे होते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज आहे. तरुण गटाचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ साली ही मर्यादा २० लाख करण्यात आली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चालू योजनांची चौकशी अवश्य करावी. गरजेपेक्षा जास्त कर्ज मात्र घेऊ नये. वरच्या हिशेबात हप्ता हजाराने वाढला की रोजचे एक ताट जास्त खपवावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी छोट्या गाडीलाही लागते. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवा व्यवसायाला साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की लागते. आपल्या उदाहरणातील खाणावळीची ती १४,९७,६०० आहे. साध्या उपाहारगृहाला नोव्हेंबर २०१७ पासून कराचा दर ५ टक्के आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मोबाईल ऍपवरून डबे जात असतील तर १ जानेवारी २०२२ पासून त्या विक्रीवरील कर ऍप चालविणारी कंपनीच भरते. वहीत मात्र गिऱ्हाईकाने दिलेली पूर्ण रक्कम विक्री म्हणून आणि कंपनीने कापलेले कमिशन खर्च म्हणून, असे दोन्ही लिहावे. नुसती खात्यात आलेली रक्कम लिहिली तर उलाढालही कमी दिसते आणि कमिशन किती जाते तेही कळत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च आयकरात वजा धरला जात नाही, म्हणून मोठ्या किराण्याचे पैसे खात्यातूनच द्यावेत.

संस्थेच्या विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधीत फिरण्यापेक्षा दोघादोघांनी वस्तीतील एक खाणावळ घ्यावी. पहिल्या महिन्यात रात्री अर्धा तास बसून साधी वही लिहून द्यावी, दुसऱ्यात खाती पाडून द्यावीत, तिसऱ्यात वही तेथील माणसाच्या हाती देऊन आपण नुसते पाहावे. मार्चअखेरीस साठा मोजायचा असतो, त्या वेळी तेलाचे फोडलेले डबे, पिठाची उरलेली पोती, वाण्याचे देणे, मुलांकडची न आलेली कुपने आणि भाड्याची अनामत या पाच गोष्टींची यादी त्यांनीच करावी. ताळेबंद त्या यादीवरूनच निघतो, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो घेऊन यावा. आम्ही संध्याकाळी सहानंतर मोकळे असतो.