फुगणारं दार, फुगणारा धागा

पावसाळ्यात आमचं मागचं दार फुगतं. आजीने खांद्याने धक्का दिला की मगच लागतं. उन्हाळ्यात तेच आक्रसतं आणि फटीतून पाल ऐटीत ये-जा करते. वर्षातून एकदाच फुगणं, एकदाच आक्रसणं. तरी सांधे खिळखिळे झालेच ना!

आता हेच रोज झालं तर? स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले लाइफ आस्प आणि त्यांचे सहकारी अशाच एका फुगण्या-आक्रसण्याच्या मागे लागलेत.

मोबाइलमधली बॅटरी वीज देते, पण मोबाइलचं बाकी वजन काही उचलत नाही. नुसतं ओझं! गाडीतल्या बॅटरीचंही तेच. म्हणून यांनी ठरवलं, गाडीचा पत्राच बॅटरी करायचा. त्यासाठी घेतले कार्बनचे धागे. एकेक धागा तुमच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक, तरी भलताच ताठ. गंमत म्हणजे त्याच्यातून वीज वाहते आणि लिथियमचे कण त्याच्या पोटात शिरूनही बसतात.

कण शिरले की धागा फुगतो. लांबीला जवळपास 1 टक्का, म्हणजे मीटरभर धागा सेंटीमीटरभर वाढणार. जाडीला तर त्याहून जास्त. वीज वापरली की कण बाहेर, धागा परत बारीक. या ओढाताणीत धाग्यांना धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला तडे जाऊ शकतात.

हा पदार्थही नाना कळांचा. धाग्यांना घट्ट धरायचं आणि कणांना वाटही द्यायची! घावन आठवा, नारळाच्या रसात बुडवलेलं. जाळी घट्ट, भोकांत रस. इथेही तसंच, प्लास्टिकची घट्ट जाळी आणि तिच्या भोकाभोकांत लिथियमचा द्रव.

2024 मध्ये त्यांनी अशी बॅटरी 1000 वेळा भरून-रिकामी करून दाखवली. ताठपणा अ‍ॅल्युमिनियमइतका. वीज मात्र किलोला 30 वॅट-तास, साध्या लिथियम बॅटरीपेक्षा कितीतरी कमी. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, पत्रा तर गाडीला लागणारच होता.

मला खुपतो तो 1000चा आकडा. रोज एकदा चार्ज केलं तर तीन वर्षंसुद्धा भरत नाहीत, आणि उद्या विमानाचा पंखच अशी बॅटरी करायचा म्हटला, तर विमानं वीस-वीस वर्षं उडतात. मोबाइलची बॅटरी दुकानात बदलून मिळते. विमानाचा पंख कुठे बदलायला न्यायचा? त्यात लिथियमला ओलाव्याचं भारी वावडं. पंखाला बारीकशी चीर पडली आणि बाहेर पाऊस असला, तर?